सुखीबाईचे उजवे कोपर

१७ जानेवारी २००४, शनिवार. रुपये बावीस, पैसे पन्नास.

ही रक्कम त्या दिवशी दिग्रसच्या एका जिनिंग फॅक्टरीत रुपीबाई नावाच्या बाईच्या मजुरीतून कापली गेली. कापणारी सुखीबाई. मी त्याच फॅक्टरीत हिशोब पाहतो. सुखीबाईबद्दल लिहायचे तर रीतीप्रमाणे जन्मापासून सुरुवात करायला हवी. पण तिला स्वतःला सांगायला बसवले असते तर तिने या शनिवारापासूनच सुरुवात केली असती, अशी माझी खात्री आहे.

आमच्याकडे तेव्हा यंत्रांत कापूस घालण्याचे काम बायांच्या हातांनी होई. यंत्रांची लांब रांग, तिच्यामागे कमरेइतका उंच सिमेंटचा ओटा आणि ओट्यावर बाया उभ्या. एकेकीकडे दोन यंत्रे. मागच्या ढिगातून कापसाचा पुंजका उचलायचा, मनगटाला झटका देऊन तो यंत्राच्या तोंडात सारखा पसरायचा आणि लगेच दुसरा उचलायचा. सकाळी सुरू झालेला हा झटका संध्याकाळीच थांबे. यंत्राचे तोंड रिकामे राहिले तर आतले चामड्याचे रूळ घासून तापतात, करपल्याचा वास सुटतो, आणि रूळ महाग असतात.

सुखीबाई या बायांची मुकादम होती. टोळीची मजुरी शनिवारी मी तिच्या हातात देत असे, वाटप ती करी. जिचे यंत्र रिकामे फिरले तिचा अर्धा दिवस कापायचा, हा नियम शेठजींचा नव्हता, सुखीबाईचा होता. तो तिने का केला हे समजायला ती वर्षे आठवावी लागतात. कापसाचे भाव पडलेले, माल कधी येई कधी येत नसे, आणि आमच्या चोवीस यंत्रांपैकी निम्म्यांवर ताडपत्री घातलेली असे. निम्मी यंत्रे म्हणजे निम्म्या बाया. दारव्ह्याच्या बाजूची दुसरी टोळी कमी मजुरीत यायला तयार बसलेली. सुखीबाई शेठजींना म्हणायची, "माह्या बायाइच्या हातून एक रूळ जळला त सांगा मले." आणि जळू देत नसे.

तिचा जन्म फुलसावंगीकडच्या बंजारा तांड्यातला. तिचा आजा बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ लादून मुलखभर फिरलेला. बापाने बैल विकून पाच एकर कोरडवाहू धरली. रामलालशी लग्न होऊन ती दिग्रसपासून तीन कोसांवरच्या तांड्यात आली. उंच, हाडापेराने मोठी, बोलायला फटकळ. दोन्ही हातांत मनगटापासून कोपराच्या खालपर्यंत पांढऱ्या बांगड्या, आणि कोपराच्या वर दंडावर रुंद बलिया. खालच्या बांगड्यांचे काही नसते, फुटतात, बदलतात. दंडावरच्या बलिया मात्र लग्नात चढतात आणि नवरा गेला की उतरतात. मध्येच एखादी तडकली तर त्याच दिवशी दुसरी चढवतात. मोकळा दंड दिसला की तांड्यात कोणी विचारत नाही, समजून घेतात.

रुपीबाई त्याच तांड्यातली, सुखीबाईहून पाच-सहा वर्षांनी लहान. त्या आठवड्यात तिचे यंत्र रिकामे फिरले. करपल्याचा वास माझ्या टेबलापर्यंत आला, म्हणून मी दाराशी गेलो होतो.

"काय वो रुपे, उभ्या उभ्या झोपली का?" सुखीबाईने ओट्यावरून आवाज दिला.

"कोपर दुखून राह्यलं, सुखीबाई. इथं, बाहेरच्या हाडावर. सकाळी लोटा बी उचलला नाई."

सुखीबाईने तिचे कोपर हातात धरले, चाचपले, उन्हाकडे वळवून पाहिले. "सूज नाई. लाल नाई. हात लावला त गरम बी नाई. दुखते त दिसत काहून नाई?"

"दुखणं दिसते का वो? पोटातली भूक दिसते का?"

"भुकेचं मले नको सांगू. अशी कर, हाताले मेंदी लाव अन् घरीच बस."

बाया हसल्या. चंदाबाई नावाची एक तरुण बाई तर हसता हसता ढिगावरच बसली. शनिवारी रुपीबाईचा अर्धा दिवस कापला गेला. सोमवारी ती आली नाही आणि मंगळवारी तिच्या जागी दुसरी बाई उभी राहिली. तांडाभर झाले की रुपीबाईला कामाचा कंटाळा, हाताचे नुसते निमित्त.

पुढच्या हंगामात, साधारण डिसेंबरात, मला फॅक्टरीच्या आवाजात काहीतरी चुकल्यासारखे वाटू लागले. ओट्यावर बायांच्या बांगड्या एका लयीत वाजत. यंत्रांच्या घरघरीतही तो आवाज वेगळा ऐकू येई, आणि सुखीबाईचा सगळ्यांत ठळक. आता तिची लय मध्येच तुटे, थांबे आणि मग घाईघाईने दोन झटके जास्त वाजत. एकदा दुपारच्या चहाला ती पायरीवर बसली होती. कप तिने डाव्या हातात घेतला. चंदाबाईची नजर बारीक.

"याडी, तू डावखुरी कधी झाली वो?"

गोरबोलीत याडी म्हणजे आई. टोळीतल्या पोरी सुखीबाईला मानाने याडी म्हणत. "चहा पे अन् ऊठ," सुखीबाई म्हणाली. कप मात्र तिने उजव्या हातात घेतला, आणि तो थरथरला. चहा ओढणीवर सांडला. ती उठून नळावर गेली.

पुढे तिने मला सांगितले की दुखणे दिवाळीआधीच सुरू झाले होते. कोपराच्या बाहेरच्या अंगाला, हाडाचा कोंब लागतो त्या एवढ्याशा जागेत. बोटाच्या पेराएवढी जागा. भाकर थापताना, धुणे पिळताना, कवाडाची कडी काढताना तिथून सुरी फिरे. रोज सकाळी उठल्यावर ती आधी कोपर पाही, आज तरी काही दिसते का म्हणून. सूज नाही, लाली नाही. "मुनीमजी," ती म्हणाली, "म्या देवापाशी सूज मांगतली. खरं सांगतो, सूज मांगतली."

कुणाला सांगायचे नव्हते, कारण सांगायचे तर रुपीबाईचेच शब्द वापरावे लागले असते. दुसरे शब्दच नव्हते त्या दुखण्याला.

संक्रांतीच्या आधल्या आठवड्यात सुखीबाईचे यंत्र रिकामे फिरले. वास सुटला. ओट्यावरच्या सगळ्या बायांनी एकदम तिकडे पाहिले आणि तितक्याच एकदम माना वळवल्या.

"पट्टा सरकला!" सुखीबाई ओरडली. "बाबुलालले बलावा, पट्टा सरकला!"

बाबुलाल आमचा फिटर. त्याने यंत्र थांबवले, पट्टा हाताने ताणून पाहिला, पुलीवर फिरवून पाहिला. तोंडात खर्रा होता, तो थुंकून आला. "सुखीबाई, पट्टा त नव्या नवरीवानी बसला हाये जागेवर. सरकलं ते दुसरंच काई." आणि हसला. वाईट मनाने नव्हे. त्याला काय माहीत. बायांपैकी कोणी हसले नाही, तेच सुखीबाईला जास्त लागले असावे.

शनिवारी वाटप झाले. प्रत्येकीने आपले पैसे पदराच्या गाठीत बांधले. चंदाबाई तेवढी उभी राहिली.

"याडी, तुहा अर्धा दिवस?"

"पट्टा होता," सुखीबाई म्हणाली.

"हाव," चंदाबाई म्हणाली, "पट्टाच होता," आणि निघून गेली. सुखीबाई माझ्या टेबलासमोर तशीच उभी राहिली. मी गल्ल्याला कुलूप लावले. मग ती गेली.

त्या संध्याकाळी तिने जे केले ते आपल्याकडच्या कोणत्याही घरात होते. दुखऱ्या सांध्याला बिबा लावतात. बिबा तापवून त्याचे तेल टोचून टोचून ठिपक्या-ठिपक्यांनी लावतात. त्याने कातडी उलते, म्हणून फार जपून लावावे लागते आणि जागा उघडी ठेवावी लागते. सुखीबाईने जागा उघडी ठेवली नाही. बिब्याचा काळा डाग दिसला असता तर बायांना कळले असते. म्हणून तिने बलिया वर सरकवून कोपराला चांगले भरपूर तेल लावले, दुखणे मुळासकट जळावे म्हणून, आणि बलिया पुन्हा त्यावर ओढून घेतल्या. खालच्या बांगड्याही वर सारल्या. बाहेरून हात नेहमीसारखा दिसू लागला.

सोमवारी ती आली तेव्हा हात ओढणीखाली होता. मंगळवारी बोटे सुजलेली. बुधवारी ताप, आणि तिच्याजवळून जाताना वास येऊ लागला. बिब्याचे तेल बलियांखाली पसरून फोड आले होते, फोड फुटून चिघळले होते, आणि हात सुजून बलिया मांसात रुतल्या होत्या. सूज मागितली होती, ती अशी आली. शेठजींनी मला सांगितले, हिला यवतमाळला हाडांच्या डॉक्टरांकडे घेऊन जा. रामलाल शेतातून तसाच आला, पायांना चिखल. आम्ही एसटीने निघालो. दारव्ह्याला रामलालने शेंगदाणे घेतले आणि डाव्या हातात दे, डाव्या हातात दे, असे म्हणत तिला एकेक दाणा देत राहिला.

डॉक्टर तरुण होते. त्यांनी हात पाहिला आणि पहिलेच वाक्य म्हणाले, "हे सगळं कापावं लागेल."

सुखीबाईने हात छातीशी घेतला. "हात?"

"हात नाही हो बाई. बांगड्या."

हात कापायचा नाही म्हटल्यावर तिला बरे वाटायला हवे होते. ती उलट जास्त घाबरली. "खालच्या कापा. वरच्या नाई."

"वरच्याच रुतल्यात. आज नाही कापल्या तर पुढं हाताचंही सांगता येणार नाही."

"माहा नवरा जिता हाये," सुखीबाई म्हणाली. "बाहेर बसला हाये. त्याले पाहून घ्या. तो जिता हाये."

डॉक्टरांना ते समजले नाही. मी त्यांना दोन वाक्यांत सांगितले आणि रामलालला आत बोलावले. रामलाल तसा हळू माणूस. बायकोपुढे त्याचे कधी चालले नाही, तांड्यात त्याची त्यावरून थट्टाही होई. तो आला, तिच्या उशाशी जमिनीवर बसला आणि वरून तिच्या कपाळावर हात ठेवला.

"मी बसलो हाओ इथं," तो म्हणाला. "कापा डॉक्टरसाहेब. एकेक बलिया कापली का मी खोकलतो. इले समजन का जिता हाये."

प्लास्टर कापायच्या आरीने बलिया कापल्या. पहिली तुटली आणि रामलाल खोकला. दुसरी तुटली आणि खोकला. सुखीबाईने डोळे मिटून घेतले होते आणि ती रडत होती, पण शेवटच्या वेळी मला वाटते ती थोडी हसलीसुद्धा.

जखमा धुऊन झाल्यावर डॉक्टरांनी विचारले, मुळात बिबा लावला कशाला. सुखीबाईने नुसते कोपर पुढे केले. त्यांनी कोपराच्या बाहेरच्या हाडावर, जिथे कातडी शाबूत होती तिथे, अंगठ्याने हलकेच दाबले. ती किंचाळली. मग तिला मनगट वर उचलायला सांगून त्यांनी त्यावर भार दिला, पुन्हा किंचाळली. हाडाचा फोटो काढला. फोटोत काही नव्हते.

"याला टेनिस एल्बो म्हणतात," डॉक्टर म्हणाले.

"टेनिस?" रामलाल म्हणाला. "साहेब, इनं त लहानपणी गिल्ली-दांडू बी नाई खेळला."

डॉक्टर हसले आणि समजावून सांगू लागले. मनगट उचलणाऱ्या मांसाच्या दोऱ्या वर येऊन कोपराच्या या हाडाला धरलेल्या असतात. एकच झटका दिवसभर, वर्षानुवर्षे दिला की दोरी मधून तुटत नाही, जिथे हाडाला धरलेली असते त्या जागी झिजते. सूज येत नाही. फोटोत दिसत नाही. खुंटा उखडत आला की बैल ओढेपर्यंत कळत नाही, तसे. हाताला विसावा दिला तर बहुतेकांचे वर्षभरात बरे होते.

"म्हंजे ते दुखते," सुखीबाई म्हणाली, "अन् दिसत नाई."

"दुखतं तर फार. दिसत मात्र नाही."

"दुसऱ्या कोनाले बी असंच होते?"

"हेच काम करणाऱ्या कोणालाही."

यानंतर आम्ही परतीच्या एसटीत बसलो. पट्टी बांधलेला हात ओढणीत होता आणि ओढणी तिने दातांत धरली होती.

तांड्यावर काय झाले ते मला रामलालने सांगितले. तो मागे राहून कोणाशी तरी बोलत होता. सुखीबाई पुढे गेली. वाऱ्याने ओढणी उडाली. रामलालची आई बिजलीबाई दारात बसली होती. तिला पट्टी दिसली नाही, पट्टीच्या वरचा दंड दिसला. मोकळा. म्हातारीने तिथेच कपाळ बडवून आकांत मांडला. शेजारच्या बाया धावल्या. रामलाल पळत आला.

"याडी, मी इथं हाओ! मेलो नाई!"

म्हातारीने त्याला वर-खाली चाचपले, आणि मग सुनेकडे वळली. "मंग इचे बलिये कोठी गेले?"

नव्या बलिया जखमा भरेपर्यंत चढवता येणार नव्हत्या. तितके दिवस सुखीबाई मोकळ्या दंडाने राहिली. ती विहिरीवर जात नसे. लग्नाचे बोलावणे आले तर पुढे होत नसे. शुभकार्यात तिचा दंड कुणाला चालला नसता, आणि खरे कारण सांगायचे तर बिब्यापासून सुरुवात करावी लागे, बिब्याआधी पट्ट्यापासून, आणि पट्ट्याआधी रुपीबाईपासून. ती मला म्हणाली, "मुनीमजी, दंडाची लाज नाई वाटली. लोकाइले वाटे का दंडाची हाये."

होळीच्या सुमारास ती रुपीबाईच्या घरी गेली. पदरात बावीस रुपये पन्नास पैसे बांधून. रुपीबाई शेळीची धार काढत होती, दोन्ही हातांनी. तिचे कोपर तोवर बरे झाले होते. पुढे जे झाले ते दोघींनी मला वेगवेगळ्या वेळी सांगितले आणि एकसारखे सांगितले.

"घे," सुखीबाई म्हणाली, "तुहा अर्धा दिवस."

रुपीबाईने शेळी सोडली, हात पुसले. पैशांकडे पाहिले नाही. तिने सुखीबाईचे उजवे कोपर हातात धरले, उन्हाकडे वळवले आणि अंगठा नेमका त्या हाडावर ठेवून दाबला. सुखीबाई मटकन खाली बसली.

"दिसत त काईच नाई वो," रुपीबाई म्हणाली.

"रुपे, खरं होतं तुहं."

"मले माईत हाये माहं खरं होतं. मले कायले सांगतं? तू मले कामचोर कोठी म्हनलं? घरी म्हनलं का?"

"ओट्यावर."

"मंग ओट्यावर सांग. बायाइसमोर. त्या दिवशी घेतो तुहे पैसे."

पुढच्या हंगामात सुखीबाई कामावर आली. दंडावर नव्या बलिया होत्या. पहिल्याच आठवड्यात तिने अर्ध्या दिवसाचा नियम काढून टाकला. यंत्र रिकामे फिरले तर ती स्वतः धावत जाई. कोणी हात दुखतो म्हटले की तिला ओट्यावरून उतरवून खाली सरकी झाडायला लावी आणि दुसरीला वर चढवी. दिवसाआड पाळ्या बदलू लागल्या. शेठजी कुरकुरले, पण रूळ जळत नव्हते. रुपीबाईची जागाही तिने परत देऊ केली. रुपीबाई आली नाही.

रुपीबाईचे खरे होते, हे वाक्य मात्र तिच्याने ओट्यावर म्हणवले नाही. मला माहीत होते, म्हणून माझे लक्ष असे. एकदा जेवणाच्या सुट्टीत यंत्रे बंद होती, सगळ्या बाया डबे सोडून बसलेल्या. सुखीबाई ओट्यावर उभी राहिली. "बायाहो," ती म्हणाली. सगळ्यांनी वर पाहिले. चंदाबाईच्या हातातला घास तसाच राहिला. सुखीबाईने दंडावरच्या बलियांना हात लावला, एकदा, दोनदा.

"जेवण झालं का सरकी झाडून घ्या," ती म्हणाली, आणि खाली उतरली.

असे आणखी दोन-तीनदा झाले असेल. २००९ साली शेठजींनी आपोआप कापूस घालणारी यंत्रणा बसवली. बायांचे काम संपले. यंत्रणेला जागा लागते म्हणून ओटा फोडला. दोन दिवस घण चालू होते. टोळी फुटली. चंदाबाईचे सासर घाटंजीकडचे, ती तिकडे गेली, कोणी वेचणीला, कोणी पुण्याकडे. ज्या बायांसमोर सांगायचे होते त्या आता एका ठिकाणी भेटणे शक्य नाही.

सुखीबाई कधीमधी बाजाराच्या दिवशी फॅक्टरीच्या फाटकाशी थांबते. मी चहा मागवतो. कप ती उजव्या हातात घेते, हात थरथरत नाही. मागच्या वेळी मी विचारले, तांड्यात रोज समोर येते ना रुपीबाई, एकदा पैसे तिच्या दारात ठेवून का देत नाही. ती म्हणाली, "ठेवले होते. तिनं बकरीच्या गळ्यात बांधून वापस धाडले."

रुपीबाईचे बावीस रुपये पन्नास पैसे सुखीबाईकडे अजून बाकी आहेत.